जुन्या गावातील नवे उमेदवार

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर एक खेडे आहे. त्या खेड्याच्या वेशीतून आत गेले की इसवी सन १८३६ लागते, आणि ते साल काही केल्या सरत नाही. प्रेअरीटाऊन हे या खेड्याचे नाव कल्पित आहे. घरे मात्र खरी आहेत. त्यांतील कित्येक इतर गावांहून उचलून येथे आणून बसविलेली आहेत. हे सारे कॉनर प्रेअरी नावाच्या संग्रहालयाचे आवार. औषधांच्या कारखानदारीत नाव मिळविलेल्या एलाय लिली यांनी १९३४ साली ही जागा व तीवरील जुने घर विकत घेतले, आणि पुढे १९६४ साली ती एका महाविद्यालयाच्या हवाली केली. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, शाळेची लाकडी बाके, चुलीवर टांगलेले बिडाचे भांडे, हे सर्व तेथे नुसते मांडून ठेवलेले नसून चालू आहे. आणि ते चालू ठेवणाऱ्या माणसांत दहा ते अठरा वर्षांची मुलेमुली आहेत. त्यांना पगार नाही. शाळा सांभाळून, सुट्ट्यांचे दिवस मोडून ती येतात, लांब झगे आणि जाडेभरडे सदरे अंगावर चढवितात आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दोनशे वर्षांपूर्वीचे जगणे समजावून सांगतात.

अशा माणसांस इंग्रजीत ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. ‘दुभाषी’ हा त्याचा सरळ अर्थ, आणि एका काळाची भाषा दुसऱ्या काळास सांगणारा या दृष्टीने तो चुकीचाही नाही. परंतु कीर्तनाच्या संस्कारात वाढलेल्या आमच्या कानांस ‘निरूपणकार’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मुले निरूपण करतात म्हणजे नेमके काय करतात, आणि त्यांना ते करू द्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता खेळाचा आहे. थोडे खोल गेले की तो खेळाचा राहत नाही.

या प्रकाराचा आरंभ अमेरिकेत झाला नाही. तो स्वीडनमध्ये झाला. आर्टुर हाझेलियुस या गृहस्थांनी १८७२ साली डालार्ना प्रांतात प्रवास केला. आगगाडी आणि कारखाने यांच्या रेट्यात शेतकऱ्यांचे जुने जीवन डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्टॉकहोम येथे संग्रहालय उघडले. त्यात त्यांनी वस्तू कपाटांत ओळीने लावल्या नाहीत. खेड्यातील खोली जशीच्या तशी उभारून तिच्यात वेष चढविलेले पुतळे बसविले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात या देखाव्यांपुढे लोकांची दाटी झाली. तथापि पुतळा प्रश्नाचे उत्तर देत नाही, ही उणीव राहिलीच. डालार्नातील स्त्रिया आपल्या गावच्या वेषात संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून उभ्या राहू लागल्या, आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले तेव्हा घरे, जनावरे आणि माणसे ही तिन्ही एका ठिकाणी आली. पोलिश, चेक आणि हंगेरियन भाषांत ‘स्कान्सेन’ हे आता विशेषनाम उरलेले नाही. अशा कोणत्याही संग्रहालयास तेथे तो शब्द लावतात.

ही कल्पना अमेरिकेत गेली ती पैशाच्या खांद्यावर बसून. हेन्री फोर्ड यांनी १९२९ साली ग्रीनफील्ड व्हिलेज उभारले. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळाही काढली होती. जुन्या इमारतींतून तिचे वर्ग भरत आणि ती १९६९ पर्यंत चालली. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे १६९९ ते १७८० पर्यंत त्या वसाहतीची राजधानी होते. तेथील धर्मोपदेशक गुडविन यांनी धाकटे जॉन रॉकफेलर यांस १९२६ मध्ये राजी केले आणि अख्खे शहर पूर्वरूपात आणण्याचे काम सुरू झाले. १९३२ साली तेथील रॅले खानावळ लोकांस खुली झाली. पाहुण्यांच्या स्वागतास अठराव्या शतकातील झगे घातलेल्या सुसंस्कृत स्त्रिया उभ्या असत. रस्ते स्वच्छ, कुंपणे रंगविलेली, बागा कातरलेल्या. आमच्या मते त्या विल्यम्सबर्गात सर्वांत मोठी उणीव होती ती धुळीची, आणि तिच्या खालोखाल मुलांची.

हे विधान थोडे स्पष्ट करावयास हवे. जुन्या काळाचे चित्र मनात आणले की आपणांस प्रौढ माणसे दिसतात. पगडीवाले, मिशावाले, करारी मुद्रेचे. इतिहासाच्या पुस्तकांतील चित्रांनी ही सवय लावली आहे. वस्तुस्थिती उलट होती. अमेरिकेची पहिली शिरगणती १७९० साली झाली. तीत गोऱ्या पुरुषांची मोजणी सोळा वर्षांच्या रेषेवर दोन भागांत केली, कारण लढाईस किती हात मिळतील हे सरकारला पाहावयाचे होते. सोळाच्या आतील आणि सोळाच्या पुढील, हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे तो देश निम्मा मुलांचाच होता. (स्त्रियांचे वय त्या गणतीत विचारलेलेच नाही. जे सुमारे सात लाख गुलाम होते त्यांचे वयही नाही आणि ते स्त्री की पुरुष हेही नाही. त्यांचा नुसता आकडा आहे. कचेरीचे तक्ते भरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आमच्या वाचकांस एखाद्या तक्त्यातील न आखलेला रकाना किती बोलतो हे सांगावयास नको.)

आणि ही मुले खेळत बसलेली नव्हती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधला जाई आणि एकविसाव्या वर्षी सुटे. ‘उमेदवारी’ हा आपला शब्द येथे अगदी चपखल बसतो, कारण त्यात उमेदही आहे आणि फुकटची मेहनतही आहे. करारपत्रात दोन्ही बाजूंची कलमे असत. मालकाने अन्न, वस्त्र आणि धंद्याचे ज्ञान द्यावे, बहुधा लिहिणे-वाचणेही शिकवावे. मुलाने आज्ञा पाळावी, धंद्यातील गुपिते फोडू नयेत, परवानगीवाचून लग्न करू नये. अनाथ मुलांच्या बाबतीत हा करार न्यायालय किंवा धर्मपीठाचे अधिकारी परस्पर करून टाकीत. बेंजामिन फ्रँकलिन १७१८ साली बारा वर्षांचा असताना बॉस्टन येथे सख्ख्या भावाच्या छापखान्यात असा बांधला गेला. भावाने त्याला मारझोड केली, आणि १७२३ साली तो पळून फिलाडेल्फियास गेला. पुढे तो मोठा झाला म्हणून त्याच्या पळण्याचे कौतुक झाले. कायद्याच्या दृष्टीने तो त्या वेळी सतरा वर्षांचा एक फरारी उमेदवार होता, याहून अधिक काही नाही.

तेव्हा जुन्या छापखान्यात खिळे जुळवीत उभा असलेला आजचा चौदा वर्षांचा मुलगा हा मोठ्यांच्या नाटकात हौसेने घुसलेला पोरका पात्रधारी नव्हे. त्या जागी त्याच वयाचा मुलगा उभा होता. चाळिशीतील गृहस्थ भात्याची दांडी ओढीत आहेत हे दृश्यच खोटे आहे. ते काम पोराचे. संग्रहालयांनी मुलांस आत घेतले ते बहुतेक ठिकाणी शिक्षणाच्या हेतूने, किंवा माणसे कमी पडतात म्हणून. परंतु त्यामुळे इतिहासाच्या चित्रातील एक रिकामी जागा भरून निघाली, हा लाभ अधिक मोठा आहे. विल्यम्सबर्ग येथे १९५८ साली बासरी आणि ताशे वाजविणाऱ्या मुलांचे पथक उभारले गेले. त्या काळच्या फौजांत वाजविणारे बहुधा पोरसवदाच असत, तेव्हा येथेही वय बरोबर जुळले. मुलींस या पथकात प्रवेश मिळावयास मात्र १९९९ उजाडले. तेथे इतिहासाशी इमान राखण्याचा आग्रह बाजूस ठेवावा लागला, आणि तो ठेवला हे उत्तम झाले.

‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही आपली म्हण. कामाचेही सोंग आणता येत नाही, हे या मुलांस पहिल्याच आठवड्यात कळत असावे. लोकर विंचरताना ती तुटते किंवा तुटत नाही. चुलीतील विस्तव पेटतो किंवा धुमसत राहतो, आणि धूर मुलीच्या डोळ्यांत जातो तो १८३६ सालचा नसतो, आजचाच असतो. पाहुणा समोर उभा राहून विचारतो, ‘याला किती वेळ लागतो?’ पाठ केलेले उत्तर देणारी मुलगी आणि सकाळपासून तीच लोकर विंचरून मनगट दुखत असलेली मुलगी, या दोघींच्या उत्तरांत फरक पडतो. फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली निरूपणकलेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. आजही या क्षेत्रातील लोक ते वाचतात. मुलांसाठी करावयाचे निरूपण म्हणजे मोठ्यांच्या निरूपणात पाणी घालून केलेले निरूपण नव्हे, त्याची पद्धतच वेगळी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. सांगणारेच मूल असेल तर ती वेगळी पद्धत शोधावी लागत नाही. आठ वर्षांचा पाहुणा बारा वर्षांच्या निरूपणकारास जे विचारील ते तो दाढीवाल्या लोहारास विचारणार नाही.

आता वेषाकडे वळू, कारण खरी अडचण वेषापाशी आहे.

उमेदवार, नोकर, गुलाम अशा साध्या माणसांचे कपडे फारसे टिकत नाहीत. फाटेपर्यंत वापरावयाचे, मग चिंध्या. संग्रहालयांच्या कपाटांत रेशमी कोट आढळतात, मजुराचा सदरा क्वचित. मग चौदा वर्षांच्या उमेदवाराचा सदरा कसा होता हे वेष शिवणाऱ्यांस कसे कळते? त्याचे एक मोठे साधन म्हणजे फरारी झालेल्या माणसांच्या जाहिराती. विल्यम्सबर्ग येथे १७३६ साली ‘व्हर्जिनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र निघू लागले. उमेदवार किंवा गुलाम पळाला की मालक त्यात जाहिरात देई आणि ओळख पटावी म्हणून सर्व तपशील लिही. ऑस्नाबर्ग नावाच्या जाड्या कापडाचा सदरा, विजारीचा रंग, जोड्याचे बक्कल, कपाळावरचा व्रण, चालण्याची लकब, बोलताना अडखळणे. ज्याला स्वतःविषयी एक ओळही लिहिता आली नाही, त्याचे सर्वांत बारकाईचे वर्णन त्याला धरू पाहणाऱ्याने लिहून ठेवले आहे. आज सुट्टीच्या दिवशी एखादा विद्यार्थी हौसेने जो सदरा अंगात घालतो, त्याचा नमुना या कागदांतून आलेला असू शकतो. तो सदरा त्याला देताना ही हकिगत सांगितली जावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

वेष घातल्यावर बोलावयाचे कसे, याविषयी दोन संप्रदाय आहेत. एक ‘मी’ म्हणतो, दुसरा ‘ते’ म्हणतो. मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे १९७० नंतरच्या दशकात ‘मी’चा संप्रदाय रुजला. मेफ्लॉवर गलबतातून १६२० साली आलेल्या वसाहतवाल्यांचे ते गाव. गलबतावर शंभरांवर माणसे होती आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतील सुमारे निम्मी दगावली. तेथील निरूपणकार १६२७ सालचा रहिवासी होऊन बोलतो आणि त्यापुढचे काही ठाऊक नसल्यासारखे वागतो. त्याच राज्यातील ओल्ड स्टरब्रिज येथे वेष जुना, पण बोलणे आजचे. ‘त्या काळी लोक असे करीत’ या थाटाचे. प्लिमथच्या आवारातच एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. तेथे वाम्पनोआग या मूळ रहिवाशांची वस्तीही उभारली आहे. तीत काम करणारे मूळचे अमेरिकन लोक जुना वेष घालतात, परंतु कोणत्याही मृत पूर्वजाचे सोंग घेत नाहीत. ते आजचे म्हणून बोलतात, कारण ते आज आहेत. वसाहतवाल्यांचे गाव संपले म्हणून त्याचे नाटक करता येते. जी जमात संपली नाही तिने आपण संपलो असे भासवावे तरी का? २०२० साली या संग्रहालयाने त्या वस्तीचे मूळ नाव पटुक्सेट आपल्या नावात घेतले.

विल्यम्सबर्गपुढे याहून अवघड प्रश्न होता. क्रांतीच्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर होती आणि तीत निम्मे लोक काळे, बहुतेक सर्व गुलाम. तरी कित्येक वर्षे संग्रहालयात त्यांचा उल्लेख ‘नोकर’ असा होई. १९७९ मध्ये काळ्या निरूपणकारांची पहिली तुकडी नेमली गेली. १० ऑक्टोबर १९९४ रोजी क्रिस्टी कोलमन यांच्या नेतृत्वाखाली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यावर करून दाखविण्यात आला. कोलमन स्वतः गर्भवती गुलाम स्त्री म्हणून पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनीच त्याला विरोध केला. आमच्या आजीची विटंबना हा पाहण्याचा खेळ नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. प्रसंग पाहून झाल्यावर विरोधकांपैकी एकाने आपले मत बदलल्याचे बोलून दाखविले. तरी तो प्रसंग पुन्हा केला गेला नाही. कॉनर प्रेअरी येथे १९९८ पासून दोन दशके रात्रीचा एक कार्यक्रम चाले. त्यात पाहुण्यांनीच पळून चाललेले गुलाम व्हावयाचे, अंधारात धावावयाचे, मालकांच्या शिव्या ऐकावयाच्या. त्याच्यावर स्तुती आणि टीका दोन्ही भरपूर झाली आणि अखेर तो बंद पडला.

आमचे मत असे की, मुलांच्या बाबतीत यातील सीमा आखणे तितके अवघड नाही. लोहाराचा उमेदवार ‘मी’ म्हणून बोलला तर बिघडत नाही. दुःखाच्या ठिकाणी मात्र मुलाने ‘ते’ म्हणावे. काळ्या कातडीच्या चौदा वर्षांच्या मुलीस कोणी पाहुण्याने ‘तुझा मालक चांगला आहे का?’ असे विचारावे आणि तिने सोंग न मोडता उत्तर द्यावे, ही अपेक्षा क्रूर आहे. ‘हो’ म्हटले तर खोटे, आणि ‘नाही’ म्हटले तर एका अनोळखी माणसापुढे आपल्या पणजीचे हाल तिने अंगावर घ्यावयाचे. तिने सोंग उतरवून, वेष तसाच ठेवून, सरळ सांगावे की या घरात तिच्या वयाच्या मुली होत्या, त्या विकत घेतलेल्या होत्या आणि त्यांना विकताही येत होते. हे सांगण्याचे धैर्य मुलांत असते. मोठ्यांनी त्यांना तशी मुभा दिली पाहिजे.

कधी कधी तर वेषच उपलब्ध नसतो. ज्या विल्यम कॉनरच्या नावाने ते इंडियानाचे संग्रहालय आहे, तो फरचा व्यापारी होता. मेकिंजेस नावाच्या लेनापे स्त्रीशी त्याचा संसार होता आणि तिच्यापासून त्याला सहा मुले होती. १८१८ च्या तहान्वये लेनापे लोकांस इंडियाना सोडावे लागले. १८२० साली मेकिंजेस सहाही मुलांस घेऊन आपल्या लोकांबरोबर पश्चिमेस निघून गेली. त्याच वर्षी कॉनरने एलिझाबेथ चॅपमन या गोऱ्या मुलीशी लग्न केले आणि १८२३ साली विटांचे दुमजली घर बांधले. पाहुणे जे घर पाहावयास येतात ते हे. १८३६ साल लागलेल्या गावात त्या सहा मुलांस जागाच नाही. ती सोळा वर्षांपूर्वीच गेलेली. संग्रहालय ही हकिगत लपवीत नाही, लेनापे वस्तीही तेथे उभारलेली आहे. पण ती सहा मुले कोणत्याही वेषाने तेथे आणता येत नाहीत. त्यांच्याविषयी केवळ बोलता येते, आणि ते बोलणे त्याच वयाच्या एखाद्या मुलाच्या तोंडून आले तर ऐकणारा क्षणभर थांबत असेल.

आपल्याकडे पुतळ्यांची पायरी आलेली आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या आवारात बलुतेदारांचे सबंध खेडे पुतळ्यांच्या रूपाने उभे आहे आणि लोक ते आवडीने पाहतात. भोपाळास नेमणूक झालेल्या वाचकांनी तेथील मानव संग्रहालयात आदिवासींनी स्वतः येऊन बांधलेली घरे पाहिली असतील. वेष घालून प्रश्नांस उत्तरे देणारे मूल मात्र आपल्या संग्रहालयांत अपवादानेच दिसावयाचे. म्हणून निरूपण करणारे मराठी मूलच नाही असे नव्हे. दिवाळीत बदलीच्या गावी, सरकारी वसाहतीच्या अंगणात, परभाषिक शेजाऱ्यांस ‘हा प्रतापगड, ही माची, हा चोरदरवाजा’ असे मोडक्या हिंदीत समजावून सांगणारी आपली मुले दुसरे काय करीत असतात? माती कालवून हात भरलेले असतात, अळीव उगवला की नाही याची काळजी असते, आणि शेजारच्या बंगाली किंवा पंजाबी मुलाने अफजलखानाविषयी विचारलेल्या प्रश्नास तोंड द्यावयाचे असते. बाजारातून आणलेल्या चित्रांत महाराज असतात, मावळे असतात आणि बहुधा डोक्यावर घागर घेतलेली एक बाईही असते. ती पायथ्याशी ठेवतात. तिच्याविषयी पाहुणा काही विचारीत नाही, आणि मुलेही काही सांगत नाहीत. शाळेच्या संमेलनातही हेच. बाजीराव व्हावयास वर्गातील निम्मी मुले तयार, आणि पाणक्याची भूमिका उंची कमी पडलेल्याच्या गळ्यात.

पेशव्यांच्या काळी कुणबिणी विकत घेतल्या जात. वाड्यात, कोठ्यांवर, गडांवर त्यांना कामास लावीत. त्यांची मुले मालकाची होत. त्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही असत. पेशवे दप्तरात हे सारे जमाखर्चाच्या शांतपणाने नोंदलेले आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. आज तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याची जागा एवढेच उरले आहे. कात्रजहून नानासाहेबांनी आणलेले पाणी वाड्यात येई, परंतु हौदातून ते मजल्यांवर चढे ते कोणाच्या तरी डोक्यावरून. त्या जोत्यांवर उद्या मुलांना वेष देऊन उभे करावयाचे ठरले, तर पहिला वेष बाजीरावाचा शिवला जाईल यात आम्हांस शंका नाही. दुसरा कोणाचा शिवावा याची चर्चा त्या मुलांसमोर, दप्तरातील एखादी नोंद त्यांच्या हातात देऊन व्हावी. ती नोंद तेथे येणाऱ्या बहुतेक मुलींच्याच वयाच्या मुलीची असेल.